वादकाच्या स्टँडवरचं पान

पुनावळे, ताथवडे, वाकड, रावेत या पट्ट्यातल्या सोसायट्यांमध्ये आता हौशी वादक बरेच आहेत. दिवसभर हिंजवडीत काम करणारी माणसं रात्री क्लब हाऊसमध्ये व्हायोलिन, सॅक्सोफोन, कीबोर्ड, बासरी घेऊन जमतात. गणेशोत्सव, कोजागरी आणि दिवाळी पहाट हे त्यांचे ठरलेले मुक्काम. कराओके ट्रॅकवर गाण्यापेक्षा आपणच वाजवू या, असं ठरलं की त्यांच्यातल्या एकावर कागद तयार करण्याची जबाबदारी येते. तो म्यूझस्कोअर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतो (ते मोफत आहे आणि या कामाला पुरून उरतं), गाणं ऐकून स्कोअर लिहितो, ‘पार्ट्स’चं बटण दाबतो आणि प्रत्येक वाद्याची वेगळी पीडीएफ मिनिटभरात हातात येते. हा लेख त्या माणसासाठी आहे. खरं काम या मिनिटानंतर सुरू होतं, आणि नेमकं तेच बहुतेक जण सोडून देतात.

स्कोअर ज्याच्यासमोर असतो त्याला सगळं दिसतं. पार्ट वाचणाऱ्या वादकाला फक्त स्वतःचं पान दिसतं. गायिका कुठे आली, तबला कुठे थांबला, आपण किती बार गप्प राहायचं, पान कधी उलटायचं हे सगळं त्याला त्या एका कागदावरूनच कळायला हवं. सॉफ्टवेअर सूर बरोबर उतरवतं, पण वाजवणाऱ्याचे हात दोन आहेत आणि दोन्ही वाद्यावर आहेत, हे त्याला माहीत नसतं.

आपल्याकडे ही कला नवीन नाही. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलं लहानपणीच स्टाफ नोटेशन वाचायला शिकत. तिथून मुंबईच्या स्टुडिओंत आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी हिंदी-मराठी चित्रपटसंगीताचे हजारो पार्ट हाताने लिहिले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात शंभरावर वादक होते, आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यांच्यासोबत गायले. त्या ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येक स्टँडवर शाईने लिहिलेला कागद होता. पुण्याचे अकॉर्डियनवादक आणि संयोजक इनॉक डॅनियल्स, मुंबईचे अनिल मोहिले हेही याच लिहिणाऱ्या परंपरेतले. हाताने लिहिणाऱ्याला पान कुठे संपवायचं हे प्रत्येक ओळीला ठरवावंच लागे. आज ते यंत्र ठरवतं, म्हणून आपण यंत्रामागून पुन्हा एकदा बघायचं.

सुरुवात स्कोअरमधूनच करा. म्यूझस्कोअरमध्ये मजकूर लिहिण्याचे दोन प्रकार आहेत. ‘स्टाफ टेक्स्ट’ (कंट्रोल-टी) ज्या ओळीला चिकटवाल त्याच वाद्याच्या पार्टमध्ये जातो. ‘सिस्टिम टेक्स्ट’ (कंट्रोल-शिफ्ट-टी) सगळ्या पार्टमध्ये जातो. ‘इथे सगळे थांबा’ ही सूचना स्कोअरच्या वरच्या ओळीला स्टाफ टेक्स्ट म्हणून लिहिली, तर ती फक्त बासरीवाल्याला मिळते आणि बाकीचे वाजवत राहतात. स्कोअरमध्ये दोन्ही अगदी सारखे दिसतात, म्हणून ही गफलत तालमीपर्यंत लक्षात येत नाही. लयीच्या खुणा, ‘मुखडा’, ‘फर्स्ट म्युझिक’, ‘अंतरा’, ‘क्रॉस लाइन’ ही नावं आणि सामुदायिक कट हे सगळं सर्वांना जाईल अशा प्रकारात टाका. ‘म्यूट लावा’, ‘बोटाने छेडा’ अशा सूचना ज्याच्या त्याच्या ओळीला.

तालमीच्या खुणा, म्हणजे चौकटीतली अक्षरं किंवा आकडे, कंट्रोल-एमने येतात. क्लब हाऊसच्या गोंगाटात ‘बी’, ‘डी’ आणि ‘ई’ सारखेच ऐकू येतात. म्हणून मी चौकटीत बारचा क्रमांकच घालतो आणि शेजारी भागाचं नाव लिहितो. ‘सदतीस, अंतरा’ असं म्हटलं की सगळे जण एकाच जागी पोचतात. शिवाय प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बार क्रमांक हवाच.

आता पट्टीचा प्रश्न. आपल्याकडे गायक ‘काळी एक’, ‘काळी पाच’ असं सांगतो आणि लिहिणाऱ्याला ते स्टाफवर आणावं लागतं. काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. व्हायोलिनला दोन फ्लॅट येतात, ट्रंपेट आणि क्लॅरिनेटला मात्र तोच साधा सी मेजर होतो, कारण ती वाद्यंच बी फ्लॅटची; आल्टो सॅक्सोफोनला एक शार्प येतो. काळी एकला खरी कसोटी लागते. ती सी शार्प म्हणून भरली तर व्हायोलिनवाल्यापुढे सात शार्प उभे राहतात. तीच डी फ्लॅट म्हणून भरली तर त्याला पाच फ्लॅट, ट्रंपेटला तीन, आल्टोला दोन. सूर तेच, पण वाचणं कितीतरी सोपं. काळी चारलाही हाच न्याय: जी शार्प म्हणू नका, ए फ्लॅट म्हणा. मग व्हायोलिनला चार फ्लॅट, ट्रंपेटला दोन, आल्टोला एकच. स्कोअर लिहिताना ‘कॉन्सर्ट पिच’ (सूर प्रत्यक्ष ऐकू येतात तसेच दाखवणारी सोय) चालू ठेवणं सोयीचं असतं. छापण्याआधी ते बंद आहे ना, हे प्रत्येक पार्टमध्ये तपासा. सुरुवातीला वाद्य निवडताना बी फ्लॅट ट्रंपेटऐवजी सी ट्रंपेट निवडलं गेलं असेल, तर पूर्ण पार्ट एका स्वराने चुकीचा छापला जातो. वादकाला आदल्या दिवशी फोन करून विचारा, तुझा पहिला सूर कोणता लिहिलाय? एवढ्याने तालमीतला अर्धा तास वाचतो.

यानंतर आकार. स्टाफच्या पाच ओळींची वरपासून खालपर्यंतची उंची हे सगळ्यात महत्त्वाचं माप. मोठ्या ऑर्केस्ट्रांच्या ग्रंथपालांची मोला नावाची संघटना १९८३ पासून आहे. त्यांचा रिवाज असा, की ही उंची साधारण साडेसात ते आठ मिलिमीटर हवी आणि सातच्या खाली जाऊ नये. म्यूझस्कोअरच्या ‘पेज सेटिंग्ज’मध्ये माप दोन ओळींमधल्या अंतराचं असतं आणि ते मुळात १.७५ मिलिमीटर येतं. चार अंतरं मिळून सात, म्हणजे अगदी काठावर. ते १.८७५ केलं की साडेसात, २ केलं की आठ. व्हायोलिनवाले स्टँडपासून लांब उभे राहतात आणि कधी दोघं एकाच स्टँडवर वाचतात, त्यांना आठ द्या. साठीच्या पुढचा वादक असेल तर त्यालाही आठच द्या. एका पार्टमध्ये माप ठरलं की त्याच खिडकीतून ते सगळ्या पार्टना लावता येतं. ‘एक पान वाचतंय’ म्हणून स्टाफ बारीक करू नका. वाचणाऱ्याचे डोळे आणि पुनावळ्यातल्या लॉनवरचा पहाटेचा उजेड यांचा विचार आधी.

आता सगळ्यांत नाजूक भाग, पान उलटण्याचा. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले दोघं एका स्टँडवर बसतात. एक वाजवत राहतो, दुसरा पान उलटतो. आपल्या ग्रुपमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक वाद्याचा एकच माणूस. त्याने पान उलटलं की ते वाद्यच बंद. म्हणून पान विश्रांतीवरच संपलं पाहिजे.

एक नमुना घेऊन बघू. समजा, गाणं ९६ बारचं आहे: इंट्रो ८, मुखडा १६, फर्स्ट म्युझिक १२, अंतरा १६, मुखडा ८, सेकंड म्युझिक १२, दुसरा अंतरा १६ आणि शेवटचा मुखडा ८. व्हायोलिनचा पार्ट उघडला तर सॉफ्टवेअरने पहिलं पान ३४व्या बारवर संपवलं आहे. फर्स्ट म्युझिक २५ ते ३६. म्हणजे त्या म्युझिकची शेवटची वेगवान तान ३३ला सुरू होते, ३४ला पान संपतं आणि ३६ला ती गायिकेच्या अंतऱ्यात उतरते. सगळ्या गाण्यात व्हायोलिनला ऐकू येण्याची हीच जागा आणि नेमका तिथेच उजवा हात गज सोडून कागदाकडे जातो. पुढे पाहिलं तर अंतऱ्याच्या पहिल्या ८ बारांत, म्हणजे ३७ ते ४४, व्हायोलिन गप्प आहे. त्यामुळे पहिलं पान ३६च्या पुढे नेऊन ही ८ बारांची विश्रांती त्याच पानाच्या तळाशी आणायची. त्यासाठी तीन जास्तीचे बार बसवायला हवेत: ३५, ३६ आणि एकत्र केलेल्या विश्रांतीचा एक. वरच्या ओळींत जिथे लांब सूर आहेत, अशा तीन ओळींमध्ये चारऐवजी पाच बार घ्या. तानेच्या ओळीला मात्र हात लावू नका. सोळांशाचे सूर दाटले की वाचता येत नाहीत. बार निवडून ‘लेआउट स्ट्रेच’ कमी करा, हव्या त्या बारनंतर एंटर दाबून ओळ तोडा आणि ४४नंतर कंट्रोल-एंटरने पान तोडा. तळाशी लिहा: ‘वेळ आहे, उलटा’. विश्रांती आधी दिसली की वादक निवांत उलटतो आणि दुसऱ्या पानाची पहिली ओळ आधी डोळ्यांखालून घालतो.

हे जमणार नसेल तर उलट दिशेने जा: मुखड्याच्या शेवटी विश्रांती असेल तर पान २४व्या बारवरच संपवा आणि खाली जागा मोकळी राहू द्या. पांढरी जागा वाया गेली असं वाटून ओळी ताणून पान भरण्याचा मोह होतो. तो टाळा. सुबक भरलेलं पण चुकीच्या जागी संपणारं पान काहीच कामाचं नाही.

काही वाद्यांना विश्रांतीच नसते, कीबोर्डला तर कधीच नाही. त्यांच्यासाठी तीन पानं शेजारी शेजारी चिकटवा. तीन ए-फोर पानं मिळून ६३ सेंटीमीटर होतात, घडीच्या स्टँडला ती पेलत नाहीत, म्हणून मागे जाड पुठ्ठा लावावा लागतो. चार पानं झाली तर दोन-दोनच्या जोडीत मांडणी करा आणि निदान दुसऱ्या पानाच्या शेवटी एका हाताचं काम ठेवा. आपली गाणी मुखड्याकडे परत परत येतात, त्यामुळे कागद वाचवण्यासाठी पुनरावृत्तीची चिन्हं आणि कोडाच्या उड्या घालाव्याशा वाटतात. एकाच पानावरची पुनरावृत्ती चालते. दुसऱ्या पानावरून पहिल्यावर उडी, तिथून तिसऱ्यावर, हे हौशी ग्रुपला देऊ नये. तीन पानांत बसत असेल तर सरळ सगळं लिहून काढा.

मोकळे बार एकत्र करून एका जाड आडव्या दांड्यावर आकडा देणं म्यूझस्कोअर पार्टमध्ये स्वतःच करतं. स्कोअरमध्ये तेच एम दाबून चालू-बंद होतं. तालमीची खूण, लयबदल किंवा दुहेरी रेष आली की हा दांडा तुटतो. तो तुटायलाच हवा. ‘२४’ असा एकच आकडा मोजताना माणूस हरवतो. ‘८, १६’ असा अंतऱ्याच्या जागी तुटलेला आकडा त्याला ठिकाणावर ठेवतो. लांब विश्रांतीच्या अखेरीस दुसऱ्या वाद्याचे किंवा गायिकेचे शेवटचे दोन बार बारीक सुरांत दाखवा. सूर निवडून ‘प्रॉपर्टीज’मध्ये त्यांचा आकार छोटा करता येतो, त्यांचा आवाज बंद ठेवा आणि वर लिहा ‘गायिका’. जे ऐकू येणार आहे तेच दाखवा. पलीकडच्या गिटारचे सूर सॅक्सोफोनवाल्याला ऐकूच येत नसतील तर ते कागदावर असून उपयोग नाही. आपल्या गाण्यांत याहून सोपी सोय म्हणजे त्या ठिकाणी गाण्याच्या ओळीचे पहिले दोन शब्द लिहिणं. वादक गाणं ओळखतात. शब्द कानावर पडला की वाद्य आपोआप वर जातं.

ढोलकी-तबल्याच्या पार्टमध्ये सुरांची गरज नाही. बार तिरप्या रेघांनी भरा (‘टूल्स’मध्ये तशी आज्ञा आहे) आणि वर ताल लिहा: कहरवा, दादरा, रूपक. त्यांना हवी असते ती कट, ब्रेक, तिहाई आणि भरावाची नेमकी जागा. एका पानात अख्खं गाणं मावलं तर उत्तम, कारण तबलजी पान उलटूच शकत नाही.

बासरी, सतार, हार्मोनियम वाजवणारे बरेच जण भातखंडे पद्धतीची सरगम वाचतात. त्यांना स्टाफ शिकण्याची सक्ती करण्यापेक्षा त्यांचा कागद वेगळा बनवणं शहाणपणाचं. विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धत आपल्याकडे शाळा-क्लासमधून घराघरांत पोचलेली आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली टिंब, तारासाठी वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. म्यूझस्कोअरमध्ये सुरांखाली गीताच्या जागी सा रे ग म टाइप करता येतं. कोमल गंधार ‘ग॒’ आणि तीव्र मध्यम ‘म॑’ असे लिहायला युनिकोडमधली वेदांच्या स्वरचिन्हांची सोय उपयोगी पडते. पण वादकासाठी त्याहून स्पष्ट काम तक्त्याचं: एका मात्रेला एक चौकट, कहरव्याला आठ रकाने, दादऱ्याला सहा, रूपकला सात. फक्त एक पथ्य पाळा. स्टाफच्या पार्टमधले चौकटीतले क्रमांक आणि भागांची नावं सरगमच्या कागदावर जशीच्या तशी हवीत, नाहीतर ‘सदतीसपासून’ म्हटल्यावर बासरीवाला शोधत बसेल.

देवनागरी मजकुराबद्दल थोडं. म्यूझस्कोअरचा मूळ मजकुराचा फॉन्ट एडविन, त्यात देवनागरी अक्षरं नाहीत. मग संगणक स्वतःच दुसरा कुठला तरी फॉन्ट उचलतो, आणि तो दुसऱ्या संगणकावर वेगळा निघू शकतो. ‘स्टाइल’मध्ये जाऊन शीर्षक, गीत आणि सूचना यांना मुक्ता किंवा नोटोसारखा युनिकोड फॉन्ट नेमून द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर इथे चालत नाही. गीताचे शब्द सुरांवर तोडताना जोडाक्षर फोडू नका. आणि दुकानात नेहमी पीडीएफ घेऊन जा, मूळ फाइल नाही.

दुकान म्हणजे नेहमीचं झेरॉक्सचं दुकान. ताथवड्याच्या कॉलेजांभोवती अशी दुकानं पुष्कळ आहेत आणि ए-थ्रीचं मशीनही मिळतं. ए-थ्री आडव्या कागदावर दोन-दोन ए-फोर पानं शेजारी पाठपोट छापून मधोमध घडी घातली की चार पानांचा पार्ट एका कागदात होतो. दुकानदाराला दोन गोष्टी सांगा. ‘फिट टू पेज’ नको, ‘ॲक्चुअल साइज’ हवा. ‘फिट टू पेज’च्या त्या एका खुणेने सात मिलिमीटरचा स्टाफ त्याहून बारीक होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पहिलं पान निघालं की खिशातल्या पट्टीने स्टाफ मोजा. दुसरं, नेहमीचा ७५ जीएसएमचा कागद पाठपोट छपाईला पातळ पडतो. दिव्याखाली मागच्या पानाचे सूर पुढे उमटतात. १०० जीएसएमचा कागद मागा. दिवाळी पहाटेला बाहेर लॉनवर दव असतं, तेव्हा शाईच्या छपाईपेक्षा लेझर बरी. वाऱ्यासाठी प्रत्येक स्टँडला दोन चिमटे ठेवा. टॅबलेटवर वाचणाऱ्यांनाही छापील प्रत द्या.

फाइलींची काळजीही घ्या. मेकम्युझिक कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले हे सॉफ्टवेअर पुढे चालवणं थांबवलं, तेव्हा त्यात तीस-पस्तीस वर्षं लिहिणाऱ्यांना सगळं काम दुसरीकडे न्यावं लागलं. म्हणून प्रत्येक गाण्याची, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडेल अशी म्युझिकएक्सएमएल प्रत आणि सगळ्या पार्टच्या पीडीएफ वेगळ्या जपून ठेवा. प्रत्येक पानावर गाण्याचं नाव, वाद्याचं नाव, पान क्रमांक आणि आवृत्तीची तारीख हवी. दोन वादकांकडे दोन आवृत्त्या असल्या की कुणाची चूक ते ठरवण्यात तालीम संपते.

आणि पार्ट वेळेवर द्या. तालमीच्या दिवशी हातात ठेवलेला कागद कुणी घरी वाजवून येत नाही. निदान आठवडाभर आधी पाठवा, सोबत पेन्सिल द्या, पेन नको. पहिल्या तालमीनंतर सगळे पार्ट परत मागून घ्या. वादकांनी गोल केलेले सूर, बाणाने दाखवलेली उडी, पानाच्या कोपऱ्यात लिहिलेलं ‘लवकर!’ या सगळ्या खुणा तुमच्या मांडणीत काय राहिलं ते दाखवतात. त्या एकेक करून फाइलमध्ये उतरवा, तारीख बदला, पुन्हा छापा, आणि जुने कागद वादकांकडे राहू देऊ नका.